चेक आइस हॉकीचा इतिहास : बर्फावर कोण उतरले आणि कोणाला उतरता आले नाही

१९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या आइस हॉकी संघाने तीन सामने खेळले. कॅनडाकडून तो ०-१५ असा हरला, अमेरिकेकडून ०-१६ असा हरला आणि अखेरच्या सामन्यात त्याने स्वीडनला १-० असे हरवले. संपूर्ण स्पर्धेत एक गोल केलेल्या आणि एकतीस गोल स्वीकारलेल्या या संघाच्या गळ्यात कांस्यपदक पडले, कारण पदके ठरवण्याची त्या वर्षीची पद्धतच अशी होती की हरलेल्या संघांना खालच्या पदकासाठी पुन्हा संधी मिळत असे आणि त्या संधीच्या शेवटच्या सामन्यात योसेफ श्रोउबेकचा एकुलता एक गोल कामी आला. जेमतेम दीड वर्षापूर्वी जन्मलेल्या एका देशाचे आइस हॉकीतले हे पहिले ऑलिंपिक पदक.

पुढच्या शंभर वर्षांत याच देशाने आणि त्याच्या फाळणीनंतर चेक प्रजासत्ताकाने मिळून पुरुषांची तेरा जागतिक अजिंक्यपदे पटकावली : चेकोस्लोव्हाकियाच्या नावावर सहा आणि चेक प्रजासत्ताकाच्या नावावर सात. आज चेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटी आठ-नऊ लाखांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. मात्र नुसती पदकांची यादी वाचून या संघाचा इतिहास कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक निकालापुढे एक प्रश्न विचारावा लागतो : त्या दिवशी बर्फावर कोण उतरले होते आणि ज्यांनी उतरायला हवे होते त्यांपैकी कोणाला उतरता आले नव्हते? युद्ध, विमान अपघात, तुरुंग, देशत्याग, फाळणी आणि अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे वेळापत्रक, या सगळ्यांनी या संघाची निवड वेळोवेळी केली आहे.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी आधी थोडे नियम सांगतो. साधारण साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशा, चारही बाजूंनी फळ्यांचे कुंपण असलेल्या बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत सामना होतो आणि धावपळ इतकी दमवणारी असते की खेळाडू मिनिटभराच्या आतबाहेर बदलत राहतात, त्यामुळे एका संघाला वीसहून अधिक तयार माणसे लागतात. गोलरक्षक मात्र सहसा पूर्ण साठ मिनिटे उभा असतो. त्याच्या पाठीमागची चौकट केवळ १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असते, म्हणून एक असामान्य गोलरक्षक दुबळ्या संघालाही बलाढ्य संघासमोर टिकवून धरू शकतो. चेक हॉकीच्या जवळजवळ प्रत्येक सोनेरी पर्वात असा एक गोलरक्षक सापडतो. वाचताना त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घेतली पाहिजे. आइस हॉकीची जागतिक स्पर्धा चार वर्षांनी नव्हे, तर साधारणपणे दरवर्षी होते आणि ती एकच स्पर्धा नसून स्पर्धांची उतरंड आहे. सर्वांत वरच्या श्रेणीत आज सोळा संघ असतात, त्यांच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी अशा श्रेण्या असतात. तळाचे संघ खाली घसरतात आणि खालच्या श्रेणीतले विजेते वर चढतात. पूर्वी या श्रेण्यांना अ, ब आणि क गट म्हणत. फाळणीची गोष्ट येईल तेव्हा या उतरंडीचे महत्त्व कळेल.

सुरुवात चेकोस्लोव्हाकियाच्याही आधीची आहे. बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा प्रदेश, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता, पण खेळाच्या जगात त्याने स्वतःची वेगळी ओळख मिळवली आणि १९०८ साली, आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची स्थापना झाली त्याच वर्षी, तो या महासंघाचा सदस्य झाला. स्वतंत्र राज्य नसलेल्या समाजाचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळतो, ही त्या काळात साधी बाब नव्हती. १९०९ च्या जानेवारीत फ्रान्समधील शामोनी येथे या संघाने पहिले सामने खेळले. तिथे गेलेल्या खेळाडूंना बर्फावर चेंडूने खेळण्याची, म्हणजे बँडी या खेळाची, सवय होती. पकने सामना खेळण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. सगळे सामने हरून ते परतले, पण दोनच वर्षांनी, १९११ साली बर्लिनमध्ये, बोहेमियाने युरोपीय अजिंक्यपद जिंकले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा मिळवले.

दोन महायुद्धांमधल्या काळात दोन गोष्टींनी पाया घातला. पहिली म्हणजे कृत्रिम बर्फ. नैसर्गिक बर्फावर अवलंबून असलेला हॉकीपटू वर्षातून काही आठवडेच सराव करू शकतो आणि हिवाळा सौम्य निघाला की तेवढेही हाती लागत नाही. तीसच्या दशकाच्या आरंभी प्राग शहरात, व्हल्टावा नदीतल्या श्टवानित्से बेटावर, कृत्रिम बर्फाचे मैदान तयार झाले आणि १९३३ ची जागतिक स्पर्धा तिथेच झाली. दुसरी गोष्ट म्हणजे माइक बकना. स्लोव्हाक वंशाचा हा तरुण कॅनेडियन तीसच्या दशकात युरोपात आला आणि प्रशिक्षक म्हणून राहिला. पाचही जणांनी मिळून हल्ला करावा आणि पाचही जणांनी मिळून मागे यावे, पक एकट्याने पळवत नेण्याऐवजी सहकाऱ्याकडे सरकवावी, या आज सहज वाटणाऱ्या गोष्टी त्याने तिथे रुजवल्या. युद्धानंतर तो पुन्हा आला आणि १९४७ साली प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाने पहिले जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा संघाची सूत्रे त्याच्याकडेच होती.

त्या स्पर्धेतही आपला प्रश्न विचारला पाहिजे. कॅनडाने १९४७ मध्ये संघ पाठवलाच नव्हता. शिवाय चेकोस्लोव्हाकिया स्वीडनकडून १-२ असा हरला होता; पण त्याच स्वीडनला ऑस्ट्रियाने अनपेक्षितपणे २-१ ने हरवले आणि सुवर्ण प्रागमध्येच राहिले. म्हणून हे यश नशिबाचे होते असे कोणी म्हणू लागले, तर त्याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. १९४८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये कॅनडा हजर होता आणि चेकोस्लोव्हाकियाने त्याला ०-० असे बरोबरीत रोखले. दोन्ही संघांनी आठपैकी सात सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि गुण समान झाले. अशा वेळी केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांचा हिशेब मांडतात. त्यात कॅनडा सरस ठरला. एकही सामना न हरता रौप्यपदक घेऊन परतलेल्या या संघाचा गोलरक्षक होता बोहुमिल मोद्री, आणि त्याच्या पुढे खेळणाऱ्यांत यारोस्लाव द्रोब्नी हा टेनिसपटूही होता. हाच द्रोब्नी १९४९ मध्ये देश सोडून गेला आणि १९५४ मध्ये इजिप्तचा नागरिक म्हणून विम्बल्डन जिंकला.

१९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाने सत्ता ताब्यात घेतली. त्याच सुमारास प्रागचा एलटीसी हा क्लब, ज्यात राष्ट्रीय संघाचे बहुतेक खेळाडू होते, मॉस्कोला जाऊन सोव्हिएत खेळाडूंविरुद्ध काही सामने खेळला. सोव्हिएत संघ तेव्हा पक-हॉकी नव्याने शिकत होता आणि पाहुण्यांनी त्यांना मोकळ्या मनाने शिकवले. मोद्रीने त्यांच्या गोलरक्षकांना धडे दिले. सहा वर्षांनी, १९५४ मध्ये, सोव्हिएत संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकूनच परतला. त्याला शिकवणारे तेव्हा कुठे होते, हे सांगण्यापूर्वी आणखी एक घटना सांगायला हवी.

८ नोव्हेंबर १९४८ रोजी राष्ट्रीय संघाचे सहा खेळाडू पॅरिसहून लंडनला निघालेल्या एका छोट्या विमानात होते. ते विमान इंग्लिश खाडीवर बेपत्ता झाले आणि सहाही जण गेले. त्यांच्यात लादिस्लाव त्रोयाक होता, जगज्जेत्या संघातला पहिला स्लोव्हाक खेळाडू. त्याच्या गावचे, कोशित्सेचे, हॉकी स्टेडियम आज त्याच्या नावाने ओळखले जाते. सहा खेळाडू गमावलेला हा संघ तीन महिन्यांनी स्टॉकहोमला गेला, तिथे त्याने कॅनडाला ३-२ असे हरवले आणि १९४९ चे जागतिक अजिंक्यपद जिंकले. या संपूर्ण इतिहासातला सर्वांत मोठा विजय कोणता असे मला विचारले, तर पुढची झगमगती वर्षे बाजूला ठेवून मी याच विजयाचे नाव घेईन.

आणि नेमका हाच संघ वर्षभरात मोडला गेला. मार्च १९५० मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी खेळाडू प्रागच्या विमानतळावर जमले होते. त्यांना ताटकळत ठेवण्यात आले आणि मग सांगण्यात आले की दोन रेडिओ वार्ताहरांना ब्रिटिश व्हिसा मिळाला नाही, म्हणून निषेधार्थ संघ जाणार नाही. खरी भीती निराळी होती : परदेशी गेलेले खेळाडू परत येणार नाहीत, अशी सरकारला शंका होती. दोन दिवसांनी, १३ मार्चच्या संध्याकाळी, काही खेळाडू राष्ट्रीय नाट्यगृहाजवळच्या ‘उ हेर्त्सलीकू’ नावाच्या बिअरगृहात बसले. संताप होता, बिअर होती आणि आवाज चढले होते. सरकारविरुद्ध शब्द उच्चारले गेले. गुप्त पोलिसांची माणसे तिथे आधीच होती. झटापट झाली आणि खेळाडूंना पकडून नेण्यात आले.

ऑक्टोबरमध्ये राजद्रोह आणि हेरगिरीच्या आरोपांखाली खटला चालला. मोद्री त्या रात्री बिअरगृहात नव्हता, लंडनला जाणाऱ्या संघातही नव्हता; तरीही त्याला कटाचा सूत्रधार ठरवून सर्वांत मोठी, पंधरा वर्षांची शिक्षा देण्यात आली. ऑगुस्टिन बुबनिकला चौदा वर्षे आणि स्टानिस्लाव कोनोपासेकला बारा वर्षे झाली. इतरांच्या शिक्षा काही महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत होत्या. त्यांपैकी अनेकांना याखिमोव्हच्या युरेनियम खाणींत राबवण्यात आले. १९५५ मध्ये माफी मिळून ते सुटले, पण राष्ट्रीय संघाचे दार त्यांच्यासाठी बंद झाले होते. मोद्री १९६३ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, वारला. बुबनिक पुढे प्रशिक्षक झाला आणि साठच्या दशकात त्याने फिनलंडचा राष्ट्रीय संघ घडवला. १९६७ च्या जागतिक स्पर्धेत त्याच्या हाताखालच्या फिनलंडने चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असे हरवले. आज फिनलंड हा हॉकीतला एक बलाढ्य देश आहे आणि त्याच्या जडणघडणीत याखिमोव्हच्या खाणीतून आलेल्या या माणसाचा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पन्नासचे दशक म्हणूनच रिकामे दिसते. १९५० आणि १९५१ च्या जागतिक स्पर्धांत संघ नव्हता. १९५३ मध्ये तो गेला, पण राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गोटवाल्ड यांच्या निधनामुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडून परतला. पुढे पदके येत राहिली, सुवर्ण मात्र लांबच राहिले, कारण १९६३ पासून सोव्हिएत संघ ओळीने नऊ वर्षे जगज्जेता होता.

या नऊ वर्षांच्या मधोमध १९६८ आले. फेब्रुवारीत ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला ५-४ असे हरवले आणि रौप्यपदक मिळवले. त्या वेळी देशात अलेक्झांडर दुबचेक यांच्या सुधारणांचा बहर होता. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. १९६९ ची जागतिक स्पर्धा प्रागमध्ये व्हायची होती. यजमानांनी ती नाकारली आणि ती स्टॉकहोमला गेली. तिथे प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळणार होता. चेकोस्लोव्हाकियाच्या काही खेळाडूंनी गणवेशावरच्या मानचिन्हातला लाल तारा चिकटपट्टीने झाकला. २१ मार्चला त्यांनी सोव्हिएत संघाला २-० ने आणि २८ मार्चला ४-३ ने हरवले. सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करण्याचा रिवाज त्यांनी पाळला नाही.

दुसऱ्या विजयाच्या रात्री देशभर लाखो लोक रस्त्यावर आले. प्रागच्या व्हात्स्लाव चौकात सोव्हिएत विमान कंपनी एरोफ्लोटच्या कार्यालयाची मोडतोड झाली, त्याचे निमित्त करून मॉस्कोने दबाव वाढवला आणि १७ एप्रिल रोजी दुबचेक यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले. एका हॉकी सामन्याने सरकार पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. दुबचेक यांना हटवण्याची तयारी आधीपासून चालली होती आणि त्या रात्रीने तिला फक्त सबब पुरवली. त्या स्पर्धेचा निकालही सांगितला पाहिजे, कारण तो बहुतेकांच्या स्मरणातून निसटतो. सोव्हिएत संघ, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया या तिघांनी दहापैकी आठ सामने जिंकले, गुण समान झाले आणि गोलफरकावर चेकोस्लोव्हाकिया तिसरा ठरला. ज्याला दोनदा हरवले त्याच्याच गळ्यात सुवर्ण पडले. पुढे यारोमिर यागर हा चेक हॉकीचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू आयुष्यभर ६८ क्रमांकाचा गणवेश घालून खेळला, तो १९६८ या वर्षाची आठवण म्हणून.

सोव्हिएत संघाची मालिका अखेर १९७२ मध्ये प्रागमध्येच तुटली; निर्णायक सामन्यात चेकोस्लोव्हाकियाने ३-२ असा विजय मिळवला आणि तेवीस वर्षांनी सुवर्ण घरी आले. १९७६ आणि १९७७ मध्ये ते पुन्हा मिळाले. यिरी होलेचेक आणि व्लादिमिर द्झुरिला हे दोन असामान्य गोलरक्षक एकाच वेळी उपलब्ध असणे, ही त्या संघाची श्रीमंती होती. १९७६ च्या पहिल्या कॅनडा चषकात तर व्यावसायिक खेळाडूंनी भरलेल्या कॅनडाविरुद्ध हा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि जादा वेळेत ४-५ असा हरला.

पण संघातून माणसे गळत होती. आघाडीपटू व्हात्स्लाव नेदोमान्स्की १९७४ मध्ये कॅनडात निघून गेला. १९८० मध्ये पेटर आणि अँटोन या श्त्यास्त्नी बंधूंनी ऑस्ट्रियातल्या एका स्पर्धेहून थेट क्युबेक गाठले आणि वर्षभराने थोरला भाऊ मारियानही तिथे पोहोचला. देश सोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रांतून आणि अधिकृत बोलण्यातून पुसले जाई, मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होई. पेटर श्त्यास्त्नी १९८४ मध्ये कॅनडाच्या गणवेशात खेळला. त्याच्याविना १९८५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने प्रागमध्ये सहावे आणि एकत्र देश म्हणून अखेरचे जागतिक अजिंक्यपद जिंकले.

१ जानेवारी १९९३ रोजी देशाची फाळणी झाली आणि हॉकीपुढे एक व्यवहारी प्रश्न उभा राहिला : जागतिक स्पर्धेच्या अ गटातली जागा एक, देश दोन, ती कोणाला द्यायची? आंतरराष्ट्रीय महासंघाने ती चेक प्रजासत्ताकाला दिली आणि स्लोव्हाकियाला नवा सदस्य मानून क गटातून, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतून, सुरुवात करायला लावली. जुन्या संघात चेक खेळाडूंचे प्रमाण मोठे होते, हे खरे; पण त्रोयाक, द्झुरिला आणि श्त्यास्त्नी बंधू ज्या परंपरेतून आले, तिला एका रात्रीत नवशिके ठरवणे अन्यायाचे होते, असे मला वाटते. स्लोव्हाकियाने त्याचे उत्तर बर्फावर दिले. ऑलिंपिकची पात्रता वेगळ्या मार्गाने मिळवून तो १९९४ मध्ये लिलेहामरला गेला आणि सहावा आला. त्या वेळी ध्वज पेटर श्त्यास्त्नीच्या हाती होता. जगात सहावा आलेला हा संघ त्याच वर्षी क गटात खेळला आणि तो जिंकून वर आला, १९९५ मध्ये ब गट जिंकला आणि १९९६ मध्ये अ गटात पोहोचला. चारच वर्षांनी, २००० साली, सेंट पीटर्सबर्गच्या अंतिम सामन्यात चेक आणि स्लोव्हाक समोरासमोर आले. चेक ५-३ ने जिंकले. २००२ मध्ये स्लोव्हाकियाने रशियाला ४-३ असे हरवून स्वतःचे पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला युराय स्लाफकोव्स्की अवघा सतरा वर्षांचा होता.

चेक बाजूची गोष्ट १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत येऊन थांबते आणि तिथे थांबून पाहण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगने पहिल्यांदाच आपला हंगाम मध्येच थांबवून सर्व खेळाडूंना ऑलिंपिकसाठी मोकळे केले. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रथमच असे होते की जे उतरायला हवेत ते सगळे उतरले आहेत. कॅनडा आणि अमेरिकेचे संघ एनएचएलच्या नामवंतांनी भरलेले होते. चेक संघात मात्र जवळपास निम्मे खेळाडू युरोपातल्या लीगमध्ये खेळणारे होते. प्रशिक्षक होता इव्हान ह्लिन्का, सत्तरच्या दशकातल्या विजेत्या संघातला आघाडीपटू, आणि गोलमध्ये उभा होता दॉमिनिक हाशेक.

उपांत्यपूर्व फेरीत चेक संघाने अमेरिकेला ४-१ असे हरवले. उपांत्य फेरीत कॅनडाविरुद्धचा सामना १-१ असा अनिर्णित राहिला आणि पेनल्टी शूटआउटची वेळ आली. आइस हॉकीतल्या शूटआउटमध्ये खेळाडू मैदानाच्या मध्यापासून एकटा पक घेऊन गोलरक्षकाकडे येतो. त्याला हुलकावण्या देता येतात, वेग बदलता येतो, पण एकदा मारलेला फटका अडला की संधी संपते. दोन्ही बाजूंना पाच-पाच संधी होत्या. चेक संघाकडून पहिला आलेल्या रॉबर्ट रायखेलची पक खांबाला आतून लागून गोलमध्ये गेली. हाशेकने कॅनडाच्या पाचांपैकी एकालाही गोल करू दिला नाही. हाशेकची पद्धत पाठ्यपुस्तकात बसणारी नव्हती. तो बर्फावर आडवा होई, पाठीवर लोळे, काठी सोडून हाताने पक दाबे. पाहणाऱ्याला तो पडला आहे असे वाटे आणि तेवढ्यात त्याचा पाय नेमका पकच्या वाटेत आलेला असे. कॅनडाने एनएचएलमध्ये तोवर सर्वाधिक गोल केलेल्या वेन ग्रेट्झ्कीला त्या पाचांत निवडले नाही, यावर तिथे आजही वाद चालतो.

२२ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सत्रात बचावपटू पेत्र स्वोबोदाने दुरून मारलेला फटका रशियाच्या गोलमध्ये गेला आणि तो सामन्यातला एकमेव गोल ठरला. हाशेकने सहा सामन्यांत मिळून सहाच गोल स्वीकारले होते. प्रागमध्ये तेव्हा पहाट होती. जुन्या शहराच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोक उभे होते आणि संघ परतल्यावर त्याच चौकात त्याहून मोठी गर्दी जमली. तो स्वोबोदासुद्धा १९८४ मध्ये किशोर वयात देश सोडून गेलेला होता. पूर्वी ज्याचे नाव काढणे वर्ज्य झाले असते, त्याच्या गोलने देशाला ऑलिंपिक सुवर्ण मिळाले.

१९९६ च्या अजिंक्यपदाने सुरू झालेला बहर नागानोनंतर अधिकच फुलला आणि १९९९, २००० व २००१ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदे आली. २००५ चे अजिंक्यपद निराळे होते. एरवी जागतिक स्पर्धा वसंतात, एनएचएलचे बाद फेरीचे सामने चालू असतानाच होते, त्यामुळे तिथे अडकलेले सर्वोत्तम खेळाडू येऊ शकत नाहीत आणि प्रत्येक देश हाती असतील त्यांच्यावर भागवतो. त्या वर्षी मालक आणि खेळाडू यांच्या वादामुळे एनएचएलचा पूर्ण हंगामच रद्द झाला होता, म्हणून व्हिएन्नात सगळे नामवंत हजर होते आणि चेक संघाने अंतिम सामन्यात कॅनडाला ३-० असे हरवले. नागानोचा शिल्पकार ह्लिन्का ते पाहायला नव्हता. आदल्या ऑगस्टमध्ये रस्ता अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. २०१० मध्ये याच्या अगदी उलट घडले : अनेक नामवंतांनी नकार दिल्यावर उरलेल्यांनी जाऊन अंतिम सामन्यात रशियाला २-१ असे हरवले.

त्यानंतर ओहोटी लागली. २०१२ च्या कांस्यपदकानंतर पुढचे पदक थेट २०२२ मध्ये आले. होतकरू मुले पंधरा-सोळाव्या वर्षी उत्तर अमेरिकेच्या कनिष्ठ लीगमध्ये जाऊ लागली, तिथल्या गर्दीत अनेक जण हरवले आणि देशातल्या क्लबांचे तरुण संघ त्यांच्याविना पोरके झाले. नवी भरती दिसू लागली ती वीस वर्षांखालील संघात : २०२३ मध्ये रौप्य, २०२४ आणि २०२५ मध्ये कांस्य.

२०२४ ची जागतिक स्पर्धा प्राग आणि ऑस्ट्रावा येथे झाली आणि प्रेक्षकांची एकूण संख्या जवळपास आठ लाखांपर्यंत गेली. त्या स्पर्धेच्या इतिहासातला हा उच्चांक होता. चेक संघ साखळी फेरीत चाचपडत होता. त्याच दरम्यान बॉस्टनचा संघ एनएचएलच्या बाद फेरीतून बाहेर पडला आणि डेव्हिड पास्त्रनाक व पावेल झाखा हे त्याचे दोन चेक खेळाडू विमान पकडून प्रागला आले. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्धचा एकमेव गोल झाखाने केला. उपांत्य फेरीत स्वीडनला ७-३ असे हरवल्यावर, २६ मे रोजी स्वित्झर्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नासाव्या मिनिटाला पास्त्रनाकने कोंडी फोडली, दुसरा गोल अखेरीस, स्वित्झर्लंडने गोलरक्षकाऐवजी जादा खेळाडू उतरवलेला असताना, रिकाम्या गोलमध्ये झाला आणि चेक संघ २-० असा जिंकला. गोलरक्षक लुकाश दोस्तालने एकही गोल होऊ दिला नाही. एका परक्या लीगमधला एक पराभव दहा दिवस उशिरा झाला असता, तर हे अजिंक्यपद आले असते का, हा प्रश्न चाहत्यांना पडणे स्वाभाविक आहे.

आतापर्यंतच्या या कथेत महिला कुठेच आल्या नाहीत, आणि तीही एक अनुपस्थितीच आहे. महिलांची आइस हॉकी १९९८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, पण पुरुषांच्या तेरा अजिंक्यपदांच्या या देशाचा महिला संघ जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च श्रेणीत पहिल्यांदा पोहोचला तो २०१३ मध्ये, आणि लगेच खाली घसरला. मुलींना मुलांच्याच संघांतून खेळत मोठे व्हावे लागे आणि ठरावीक वयानंतर पुढे जायला वाट नसे. म्हणून त्या स्वीडनच्या लीगमध्ये आणि अमेरिकेच्या विद्यापीठांत गेल्या, तिथे रोजचा कसदार सराव मिळाला आणि तोच अनुभव घेऊन त्या राष्ट्रीय संघात परतू लागल्या. पूर्वी ज्या देशत्यागाने पुरुष संघाला कायमचे दुबळे केले, तेच परदेशगमन परतीची वाट मोकळी असल्यामुळे महिला संघाचे बळ ठरले.

२०२२ च्या फेब्रुवारीत हा संघ पहिल्यांदा ऑलिंपिक खेळला. त्याच वर्षी कॅनडाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेली कार्ला मॅक्लाउड प्रशिक्षक झाली आणि वर्ष संपण्याआधीच डेन्मार्कमधल्या जागतिक स्पर्धेत चेक महिलांनी स्वित्झर्लंडला ४-२ असे हरवून आपले पहिले पदक, कांस्य, मिळवले. २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टन येथे त्याच प्रतिस्पर्ध्याला जादा वेळेत ३-२ असे हरवून त्यांनी ते राखले. एप्रिल २०२५ मध्ये ही स्पर्धा प्रथमच चेक प्रजासत्ताकात, चेस्के बुदेयोविट्से या शहरात, झाली. उपांत्य फेरीत यजमान संघ अमेरिकेकडून केवळ १-२ असा हरला. तीनच वर्षांपूर्वी, डेन्मार्कमध्ये, याच टप्प्यावर याच अमेरिकेने त्यांना १०-१ असे लोळवले होते. कांस्यपदकाचा सामना फिनलंडविरुद्ध जादा वेळेत ३-४ असा गेला आणि पदक हुकले. दोन महिन्यांनी उत्तर अमेरिकेच्या महिला व्यावसायिक लीगची वार्षिक निवड झाली, जिच्यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तेव्हा न्यूयॉर्कच्या संघाने सर्वांत पहिले नाव पुकारले ते क्रिस्टिना काल्टोउन्कोव्हा या चेक आघाडीपटूचे. त्या निवडीत पहिल्या क्रमांकावर युरोपातल्या खेळाडूचे नाव येण्याची ही पहिलीच वेळ होती.